फोलिक आम्लाचा तोतया

औषधाच्या पाकिटावर नाव असतं, किंमत असते, मुदत संपायची तारीख असते. ती गोळी पोटात गेल्यावर कोणाचं काम अडवणार आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि गिऱ्हाईकही ते विचारत नाही. हट्ट्यासारख्या गावात, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, मेडिकलच्या काउंटरवर येणारे प्रश्न दोनच. "पॉवरची आहे ना?" आणि "गरम तर पडणार नाही?" या दोन प्रश्नांना मान हलवून वेळ मारून नेता येते. नीट उत्तर द्यायचं तर एक छोटं पुस्तक लिहावं लागतं. ते हे.

पुस्तकात सगळी औषधं नाहीत, एकच घराणं आहे. पेशीला दुभंगून दोन व्हायचं असेल तर आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. ती प्रत तयार करायला जी एन्झाइम लागतात, त्यांच्या वाटेत आडवे पडणारे हे रेणू. मेथोट्रेक्सेट, फ्लुरोयुरासिल, मर्कॅप्टोप्युरिन, हायड्रॉक्सियुरिया, ट्रायमेथोप्रिम, असायक्लोव्हिर, झिडोव्ह्युडिन. नावं जिभेला जड आहेत, पण गावाला ती परकी नाहीत. नागीण उठली की असायक्लोव्हिर येते. हातापायाची बोटं आखडली की मोठे डॉक्टर मेथोट्रेक्सेट लिहितात. जुलाबाला, लघवीच्या जळजळीला को-ट्रायमोक्सॅझोल एके काळी सर्रास दिली जायची. कोणाला 'टाटाला' नेलेलं असतं आणि परत येताना पिशवीत यातलीच एखादी गोळी असते. ही सगळी एकाच कुळातली आहेत, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं, देणाऱ्यालाही पुष्कळदा नसतं.

छोटे रेणू म्हणजे किती छोटे? ॲस्पिरिनचा रेणुभार १८०, मेथोट्रेक्सेटचा ४५४. हल्ली कर्करोगावर जी महागडी अँटिबॉडीची इंजेक्शनं निघाली आहेत त्यांचा रेणुभार दीड लाखाच्या घरात जातो. एवढं मोठं प्रथिन गिळलं तर पोटात पचून जाईल आणि पेशीच्या आत तर त्याला शिरताच येत नाही. छोटा रेणू आतड्यातून रक्तात उतरतो, रक्तातून पेशीत शिरतो आणि थेट एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतो. म्हणून तो गोळी होऊन हट्ट्यापर्यंत पोहोचू शकतो. बर्फाची पेटी लागत नाही, सलाइन लागत नाही, आणि बहुतेक वेळा पैसेही फार लागत नाहीत.

या घराण्याची हकीकत बोस्टनपासून सांगायची रीत आहे. मी ती परळपासून सांगणार आहे, कारण खरी सुरुवात तिथली आहे.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत उतरल्या. भारतात बरीच वर्षं काम केलेल्या डॉक्टर मार्गारेट बाल्फर यांच्या सांगण्यावरून त्या आल्या होत्या. गरोदरपणात आणि बाळंतपणात बायका का मरतात, याची चौकशी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून चालली होती. मुंबईतल्या गरीब वस्त्यांतल्या, गिरणीत राबणाऱ्या बायका गरोदर असताना पांढऱ्याफटक पडत. तो नेहमीचा, लोह कमी पडल्याचा रक्तक्षय नव्हता. नेहमीच्या रक्तक्षयात तांबड्या पेशी बारीक होतात, इथे त्या फुगलेल्या होत्या, पण मोजक्याच. हाडाच्या मगजात पाहिलं तर पेशींचं अंग वाढलेलं, केंद्रक मात्र अपक्व. पेशी वाढत होती, पण तिला दोन होता येत नव्हतं. तिला काय कमी पडतंय हे तेव्हा जगात कोणालाच माहीत नव्हतं.

विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय तपासला, मग बायकांच्या ताटाकडे वळल्या. कोण काय खातं, घर कसं आहे, भाजी-फळ किती वेळा मिळतं, याची पाहणी झाली. त्या काळच्या शोधनिबंधांवर विल्स यांच्या जोडीला मेहता, तळपदे, बिलिमोरिया ही मुंबईकर आडनावं दिसतात. विल्स यांचं नाव उरलं, ही आडनावं तळटिपांत गेली. मग उंदीर झाले, माकडं झाली. या बायकांसारखाच निकृष्ट आहार देऊन माकडांत तोच रक्तक्षय आणला गेला. बरं कशाने होतं? शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने, जो तेव्हा दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर रामबाण ठरला होता, इथे काही होईना. यकृताच्या कच्च्या, शुद्ध न केलेल्या अर्काने व्हायचं. आणि व्हायचं मार्माइटने. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, चिकट, खारट अर्क. इंग्रज तो पावाला लावून खातात आणि त्याच्या चवीवरून आपापसात भांडतात. स्वस्त आणि सहज मिळणारा. १९३१ साली विल्स यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमध्ये असलेल्या त्या अनोळखी पदार्थाला पुढे काही वर्षं लोक 'विल्स फॅक्टर' म्हणत.

१९४१ साली अमेरिकेत टनांनी पालक उकळून तोच पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानातून निघाला म्हणून त्याला फोलिक आम्ल हे नाव पडलं. आज आशाताई गरोदर बाईच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम असतं ते हेच. परळच्या त्या बायकांचं हे देणं आहे, आणि ज्यांच्या रक्तावर हा शोध लागला त्यांच्यापैकी एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही.

इथपर्यंत ही जीवनसत्त्वाची गोष्ट झाली. औषधाची गोष्ट पुढे उलट्या दिशेने सुरू होते. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी चाळीसच्या दशकाच्या मध्यावर फोलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं. बोस्टनच्या मुलांच्या दवाखान्यात सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाची मुलं बघत होते. तेव्हा त्या मुलांना औषध असं काही नव्हतंच. रक्तक्षयात मगज सुधारतो, तर इथेही सुधारेल, या आशेने फार्बर यांनी काही रुग्णांना फोलिक आम्लाच्या जातीचे पदार्थ देऊन पाहिले. रोग आटोक्यात येण्याऐवजी भडकल्यासारखा दिसला. दुसरा कोणी तिथेच थांबला असता. फार्बर यांनी उलटा विचार केला: या पेशी जर फोलिक आम्लावर पोसल्या जात असतील, तर त्यांची उपासमार का करू नये? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फोलिक आम्लासारखाच दिसणारा, पण त्याचं काम न करणारा रेणू बनवून दिला, ॲमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध आला. सोळा मुलांना औषध दिलं होतं, दहांत सुधारणा दिसली. ती टिकाऊ नव्हती. पण रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटतो, हे त्यातून पहिल्यांदा दिसलं. दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव गेले. वय ५३. ॲमिनोप्टेरिनचा धाकटा, थोडा सौम्य भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. चेहरामोहरा जुळला म्हणून भली भली माणसं त्याच्यामागे गेली. मेथोट्रेक्सेटचं तसंच आहे. फोलिक आम्लाच्या सांगाड्यात दोनच ठिकाणी फरक: एका जागी ऑक्सिजनऐवजी अमिनो गट, दुसऱ्या जागी एक जास्तीचा मिथाइल. एवढ्यावर पेशी फसते. अस्सल फोलेट जिथून आत येतं त्याच दारातून ती याला आत घेते, आणि त्याच्या अंगावर ग्लुटामेटची शेपटं जोडून त्याला आतच ठेवूनही घेते. आत हा जाऊन बसतो डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाच्या एन्झाइमच्या खाचेत. अस्सलापेक्षा हजारपटीने घट्ट. अस्सल येतं, काम करून घेतं आणि निघून जातं. हा बसला की उठत नाही.

हे एन्झाइम करतं काय? इथे वाचकाने जरा दम धरावा, कारण पुढची सगळी प्रकरणं या एका जागेवर उभी आहेत. डीएनएच्या चार अक्षरांपैकी थायमिन हे अक्षर पेशी स्वतः घडवते. जवळ युरासिलचा साठा असतो. युरासिलला कार्बनचा एक तुकडा जोडला की थायमिन झालं. हे जोडण्याचं काम थायमिडिलेट सिंथेज या दुसऱ्या एन्झाइमचं, आणि तो कार्बनचा तुकडा खांद्यावर वाहून आणणारं फोलेट. फोलेट पेशीत पुष्कळ कामं करतं, पण बाकीच्या कामांत ते आपला तुकडा देऊन तसंच मोकळं होतं. या एकाच कामात ते तुकड्याबरोबर स्वतःचे हायड्रोजनही देऊन बसतं आणि निकामी होतं. त्याला हायड्रोजन परत देऊन पुन्हा कामावर उभं करतं ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. मेथोट्रेक्सेट नेमकं त्यालाच धरून बसलेलं. म्हणजे थायमिन घडत जाईल तसतसं फोलेट निकामी होत जाईल, आणि ते परत उभं करणारं कोणी नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती मला या साऱ्या रसायनशास्त्रात सगळ्यात देखणी वाटते. जी पेशी दुभंगत नाही, ती थायमिन घडवत नाही. म्हणून तिचं फोलेट निकामी होत नाही आणि तिला या औषधाचं फारसं सोयरसुतक राहत नाही. जी पेशी घाईने दुभंगते, ती स्वतःच्याच घाईने आपला साठा संपवते. औषध तिला मारत नाही, परतीची वाट बंद करून बसतं. पुढचा घात पेशी आपल्याच हाताने करते. थायमिन मिळेना की डीएनएच्या साखळीत त्याच्या जागी युरासिल घुसतं. दुरुस्ती करणारी यंत्रणा ते चुकीचं अक्षर कापून काढते. भरायला पुन्हा युरासिलच हाताशी असतं. पुन्हा भरलं, पुन्हा कापलं, असं करता करता साखळीच तुटते.

फ्लुरोयुरासिल याच वाटेवर एक पायरी आधी बसतं. गाठीच्या पेशी युरासिल जास्त ओढतात, हे पाहून चार्ल्स हायडेलबर्गर यांनी १९५७ साली युरासिललाच फ्लोरिनचा एक अणू चिकटवला. थायमिडिलेट सिंथेज त्याला युरासिल समजून धरतं आणि मग सोडू शकत नाही. आतड्याच्या, जठराच्या कर्करोगात ते अजून रोजच्या वापरात आहे.

आता "गरम पडतं का?" हा प्रश्न. डीएनए घाईने घडवणाऱ्या पेशी केवळ कर्करोगाच्या नसतात. हाडाचा मगज दिवसाला अब्जावधी रक्तपेशी बनवतो. तोंडाचं, घशाचं, आतड्याचं अस्तर सतत झिजतं आणि सतत नवं होतं. केसांची मुळं जागीच असतात. एन्झाइमला गाठ कुठली आणि मगज कुठला हे कळत नाही. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटून ताप येतो. याला उष्णता म्हणून गुलकंद किंवा सब्जा देणारी घरं मी पाहिली आहेत. त्याने बिघडत काही नाही, पण आठवडाभर उशीर होतो आणि या औषधात आठवडा फार मोठा असतो.

आणि "पॉवर"? याच मेथोट्रेक्सेटने १९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी वारेच्या पेशींतून उठणारा कोरिओकार्सिनोमा बरा करून दाखवला. निव्वळ औषधाने बरी झालेली ती पहिली घट्ट गाठ मानतात. हाडाच्या कर्करोगात याच औषधाचे काही ग्रॅम एका वेळी शिरेतून देतात. सांधेदुखीत तेच दहा-पंधरा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. हजारपटीचा फरक! ग्रॅमच्या मात्रेतून माणूस उठतो, कारण ठरल्या तासाला त्याला फोलिनिक आम्ल देतात. अडवलेल्या एन्झाइमच्या पलीकडे तयार होणारा मालच थेट पुरवला जातो, रक्तातली पातळी मोजली जाते, मूत्रपिंडं धुतली जातात. उलट दहा मिलिग्रॅमची साधी गोळी रोज, सलग दहा-बारा दिवस घेतली, तर माणूस दगावू शकतो आणि जगभर असे दगावलेले आहेत. मगजाला श्वास घ्यायला मधले सहा दिवस मिळत नाहीत, एवढंच त्याचं कारण. तेव्हा या घराण्याच्या औषधांना पॉवर विचारू नये. कोणाचं एन्झाइम आणि किती वेळ, हे विचारावं. माझ्या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे.

कोणाचं एन्झाइम, याचं उत्तम उदाहरण ट्रायमेथोप्रिम. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज जंतूंतही असतं, पण त्याची घडण थोडी निराळी. ट्रायमेथोप्रिम जंतूंच्या एन्झाइमला असं धरतं की माणसाच्या एन्झाइमला धरायला त्याच्या हजारो पट मात्रा लागेल. मलेरियावरचं पायरिमेथामिनही त्याच धर्तीचं, परोपजीवीच्या एन्झाइमसाठी बेतलेलं. जंतूंची आणखी एक अडचण अशी की फोलेट त्यांना आयतं घेता येत नाही, घरीच बनवावं लागतं. सल्फा औषध ते बनवणंच रोखतं. को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळीत सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम एकत्र, म्हणजे एकाच वाटेवर दोन नाकी. ट्रायमेथोप्रिम, पायरिमेथामिन, मर्कॅप्टोप्युरिन, असायक्लोव्हिर ही सगळी ज्या प्रयोगशाळेतून निघाली तिथे जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन काम करत. एलियनबाईंची पीएच.डी. अर्धवट सुटली होती. १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं. असायक्लोव्हिरची चतुराई तर अशी की नागिणीच्या विषाणूचं स्वतःचं एन्झाइमच त्याला कामाला लावतं. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे ते जवळजवळ निजून राहतं.

झिडोव्ह्युडिनवर एक आख्खं प्रकरण आहे, म्हणून इथे दोनच वाक्यं. कर्करोगावर चालेल म्हणून १९६४ साली बनवलेला हा रेणू तिथे नापास झाला आणि १९८७ साली एचआयव्हीवरचं पहिलं औषध म्हणून मान्य झाला, कारण विषाणूचं डीएनए घडवणारं एन्झाइम त्याच्या जाळ्यात सापडतं. आणि २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीच्या तीन औषधांचा मेळ दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला, तेव्हा आफ्रिकेतल्या उपचारांचा हिशेबच बदलला.

परळला परत जाऊ. हाफकिनपासून चालत काही मिनिटांवर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, १९४१ सालचं. मराठवाड्यातून परभणी किंवा पूर्णा स्टेशनवर देवगिरी एक्सप्रेस धरून निघालेली माणसं सकाळी दादरला उतरतात. ज्यांची सोय लागते ती गाडगे महाराज धर्मशाळेत, बाकीची पदपथावर. त्यांच्यात गालाच्या, जिभेच्या गाठी फार, आणि त्याचं कारण चुना-तंबाखूच्या पुडीत आहे, हे आपण सगळे जाणतो. गाठ उलटली किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेली की ठरलेला उपाय म्हणजे दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन. ते डीएनएलाच थेट इजा करतं. उलट्या होतात, मूत्रपिंडं जपावी लागतात, दिवसभर सलाइन. हट्ट्याच्या माणसासाठी दर तीन आठवड्यांनी तीन-चार दिवसांची मजुरी आणि सोबत्याची मजुरी, हे वेगळं.

टाटामध्ये विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला पर्याय तपासला. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, शरीराच्या दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम, आणि जोडीला सेलेकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही घरी बसून घ्यायच्या. २०१६ ते २०२० या काळात ४२२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. अपेक्षा एवढीच होती की गोळ्या सिस्प्लॅटिनपेक्षा फार मागे पडू नयेत. निकाल आला तो असा: सिस्प्लॅटिनवाल्यांचं मध्यक आयुष्य ६.१ महिने, गोळ्यावाल्यांचं ७.५. गंभीर त्रास सलाइनच्या गटात शंभरात तीस जणांना, गोळ्यांच्या गटात एकोणीस जणांना. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये हे छापून आलं.

साडेसात महिने. हा आकडा वाचून निराश होणाऱ्यांना मी दोष देणार नाही. गोळीने गाठ बरी होते, असं मी या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. पण सत्तर वर्षं जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं, काही रुपयांत मिळणारं औषध पुन्हा तपासायला कोणती कंपनी पैसे घालेल? ते काम सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयाने केलं, आणि ज्या रोगाने मुख्यत्वे आपलीच माणसं मरतात त्यासाठी केलं. त्या साडेसात महिन्यांतले बरेचसे दिवस माणूस स्वतःच्या ओसरीवर होता, हे आकड्यात दिसत नाही.

हायड्रॉक्सियुरियाची गोष्टही महाराष्ट्राचीच म्हणता येईल. डीएनएच्या चारही अक्षरांचा कच्चा माल तयार करणारं रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम ते थंड करतं. रक्ताच्या कर्करोगासाठी वापरात आलेलं हे औषध सिकलसेलच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि हाडं फोडून काढणाऱ्या वेदनांचे झटके कमी करतं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार भागातल्या घरांना त्याचं मोल सांगायला नको. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांना किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे परदेशी पुस्तकांत सांगतात त्यापेक्षा कमी मात्रा देऊन पाहिली आणि तेवढ्यानेही झटके घटतात हे २०१२ साली मांडलं. कमी मात्रा म्हणजे कमी रक्ततपासण्या, आणि दुर्गम भागात खरी अडचण तीच असते.

जाता जाता हळदीचं. वसमतच्या बाजारपेठेला हळदीने नाव दिलं आहे, आमच्या घरातही तिचाच पैसा येतो, त्यामुळे हे मी जपूनच लिहितो. काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन पुष्कळ काही करतं. पण तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं, आतडं आणि यकृत त्याची वासलात लावतात. हळदीने कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. हळद विकावी, खावी, अंगाला लावावी. टाटाच्या गोळीऐवजी घेऊ नये.

हे पुस्तक घाईने पुरं केलं त्याचं कारण दोन पिवळ्या गोळ्या. संधिवाताच्या रुग्णाला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट देतात आणि तिचा तोंडावर-पोटावर होणारा त्रास कमी व्हावा म्हणून वेगळ्या दिवशी फोलिक आम्ल देतात, बहुधा पाच मिलिग्रॅमचं. अस्सल आणि तोतया एकाच पिशवीत! दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही बहुधा पिवळ्या, आणि मेथोट्रेक्सेटच्या काही ब्रँडच्या नावात 'फॉल' असल्याने नावंही सारखी वाटतात. त्यात आमच्या मेडिकलच्या धंद्याची जुनी सवय: चारच गोळ्या हव्यात म्हटलं की कात्रीने पाकीट कापायचं. नाव एका तुकड्यावर जातं, मात्रा दुसऱ्यावर, तारीख तिसऱ्यावर. घरी गेल्यावर आजी ते तुकडे बटव्यात घालतात. हळद काढणीच्या दिवसांत सकाळी बोटं मिटत नाहीत, वेदना असह्य होतात, मग शेजारीण म्हणते, "एकानं काय व्हतंय, रोज घ्या की." आजींना तो सल्ला पटतो, कारण तापाची गोळी रोजच घ्यायची असते, बीपीचीही रोजच. आठवड्याची गोळी ही कल्पनाच आपल्या घरांना नवी आहे.

हे घराणं ओळखलं की आणखी दोन धोके आपोआप दिसतात. मेथोट्रेक्सेट चालू असताना लघवीच्या जळजळीला कोणी को-ट्रायमोक्सॅझोल दिली, तर एकाच वाटेवर दुहेरी अडवणूक होते आणि मगज बसतो. दोन्ही औषधं वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या कारणाने लिहिलेली असतात. आणि जिच्या पोटात बाळ आहे किंवा जी बाळाचा विचार करते आहे, तिने मेथोट्रेक्सेटला हात लावायचा नाही. ज्या फोलिक आम्लावाचून परळच्या गरोदर बाया पांढऱ्या पडत होत्या, त्याचाच हा तोतया आहे. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ थांबवायला डॉक्टर तो मुद्दाम वापरतात, यावरून त्याची करामत ओळखावी.

तेव्हा वाचकाला माझी विनंती आहे. पुढची प्रकरणं सवडीने वाचा, रसायनाची पानं गाळलीत तरी चालेल. पण घरात कोणाला मेथोट्रेक्सेट चालू असेल तर आजच पाकिटावर पेनाने वार लिहा: 'फक्त बुधवार', नाहीतर जो ठरला असेल तो. फोलिक आम्लाची डबी वेगळ्या फळीवर ठेवा. मेडिकलवाल्याला पाकीट कापू देऊ नका. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा. ठरलेल्या तारखेला रक्त तपासा. चुकून रोज घेतली गेली असेल, तोंडात चट्टे आले असतील, ताप असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. पाकीट खिशात घालून नांदेडच्या नाहीतर परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच सांगा की मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली आहे.